ड्रायव्हरच्या उजवीकडची जागा

ड्रायव्हरच्या उजवीकडे माणूस बसवायची रीत कुणी काढली मला माहीत नाही. ज्याने काढली, त्याला एकदा तरी त्या ड्रायव्हरच्या जागी बसवायला हवं होतं. पोलादपूरहून वरच्या वाड्यांना जाणाऱ्या प्रत्येक जीपमध्ये ड्रायव्हर मध्ये चेपलेला आणि त्याच्या उजव्या कुशीला एक प्रवासी, अर्धा आत, अर्धा बाहेर. त्या अर्ध्या माणसाकडून भाडं मात्र पूर्ण. यावर मी पत्रक काढलं होतं, मार्चच्या गर्दीत महाडला चवदार तळ्यापाशी वाटलं होतं. लोकांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि परतताना त्याच जागेवर जाऊन बसले.

आमच्या वाडीची जीप माझा दादा चालवायचा. जीप शेटची, जीव दादाचा. त्या उन्हाळ्यात कापडे गावाच्या वरच्या उतारावर ब्रेक लागले नाहीत, दादाने गाडी डोंगराच्या अंगाला घासत थांबवली. कुणी मेलं नाही, म्हणून कुणाला काही वाटलंही नाही. मी शेटच्या ओटीवर जाऊन बसले आणि ब्रेक बदलल्याशिवाय माझा भाऊ चावीला हात लावणार नाही, असं सांगून टाकलं. शेजारी उभ्या दादाने मान डोलावली. शेट कुरकुरत कबूल झाला.

महाडच्या गॅरेजात पुढच्या चाकांचे जुने ड्रम-ब्रेक काढून दुसऱ्या गाडीचे डिस्क-ब्रेक बसवले. पण पेडल दाबलं की थेट तळाला.

"डिस्कला तेल जास्त लागतं. जुना मास्टर सिलिंडर पुरत नाय," मिस्त्री म्हणाला.

मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलला जोडलेली पिचकारीच. जाड पिचकारी थोड्या हालचालीत भरपूर तेल ढकलते, पण पायाला जोर फार लागतो. बारीक पिचकारी हलकी चालते, पण पाय खोल जातो. मिस्त्रीकडे दोन मापं होती, एक इंची, म्हणजे आठ सुती, आणि दुसरं त्याहून एक सूत बारीक, सात सुती. त्याने इंची घातला. शेटने उभ्या गाडीत पेडल दाबलं आणि खूश झाला. "दगड हाय दगड! आता काय भ्यायचं नाय."

हमरस्त्यावर रिकाम्या गाडीत दादा ऐसपैस बसला, ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी उभी. शेट खुशीत मिस्त्रीच्या पाठीवर थापा मारायला लागला.

मी म्हटलं, "अशी गाडी कधी चालते? भरून बघा. आणि दादा रोज बसतो तसाच बसू दे."

"तुझी पत्रकं झाली काय वाटून?" शेट म्हणाला. "गाडीतलं तुला काय कळतं गो?"

"मी या गाडीत रोज बसते. तुम्ही कधी बसलात?"

वाळूच्या गोण्या भरून गाडी कापड्याच्या वर नेली. शेट, मिस्त्री मागे गोण्यांवर. ड्रायव्हरच्या उजवीकडे गोणी राहीना, तिथे मी बसले. दादा डावीकडे सरकला, कंबर वाकडी, उजवा पाय तिरका.

उतार लागला. दादाने ब्रेक दाबला. गाडी थोडी मंदावली आणि पुन्हा सुटली. त्याने परत दाबला. त्याच्या मांडीची थरथर मला माझ्या गुडघ्याला लागत होती. जुन्या जीपला जोर वाढवणारा बूस्टर नव्हता. जो काय जोर तो त्या तिरक्या पायाचा. पुढचं वळण अंगावर येत होतं, त्याच्या खाली दरी. दादाने हँडब्रेक ओढला. गाडी घरंगळतच राहिली.

"सरक!" दादा ओरडला. "सरक बाहेर!"

मी वरच्या दांडीला धरून अख्खी बाहेर लोंबकळले. दादा सरळ झाला, पाठ सीटला टेकवून दोन्ही पायांनी पेडलवर उभाच राहिला. गाडी वळणाच्या तोंडाशी थांबली. मी दांडी सोडून खाली उतरले आणि चाकापुढे दगड लावला.

मिस्त्रीच आधी बोलला. "सात सुती घालतो. हलका पडेल. माणूस बाजूला असला तरी लागेल."

"मग तोच घाल की!" शेट म्हणाला.

"आधी का नाही घातलात?" मी विचारलं.

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "पाय खोल जातो. लांब उतारावर तेल तापलं, ब्रेकचे लायनर झिजले, की अजून खोल जाणार. मग खाली काय उरत नाय."

"रोज कुठं तापतंय तेल?" शेट म्हणाला.

मला असा संताप आला! रोज याच उतारावरून गाडी जाते, भरून जाते. एका माणसाच्या भाड्यासाठी सगळ्यांच्या पायाखालचा उरलासुरला ब्रेक काढून घ्यायचा, आणि त्याला माप म्हणायचं!

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "इंचीच राहू दे. माझ्या उजवीकडं कोन नाय बसनार."

"मग मी दुसरा डायवर बघतो."

"बघ. त्याला आधी ह्याच उतारावर आन. आन् उजवीकडं तू बस."

शेटने वळणाखाली एकदा पाहिलं. दुसरा ड्रायव्हर त्याने पाहिला नाही.

बाजाराच्या दिवशी जीप भरली, तेव्हा आमची काकी कोंबड्यांची पाटी घेऊन धापा टाकत आली आणि सवयीने उजवीकडून चढायला लागली.

"काकी, हितं नाय," दादा म्हणाला.

"का रे? आजच जाडी झाले काय मी?"

"जागा नाय."

"परवापर्यंत होती ती गिळली कोनी?"

मागे लोक हसले. माझ्या पत्रकातल्या कुठल्याही ओळीत काकी नव्हती. मी मागून उतरले आणि तिला माझ्या जागेवर चढवलं. चढतानाही ती मला बोलतच होती, "तूच भरलंस ना गो त्याच्या कानात?"

मी पायवाटेने खाली निघाले. गाडी माझ्या खालच्या रस्त्याने जात होती, झाडांत दिसायची, लपायची. प्रत्येक वळणाला मी थांबून कान देत होते. मग कापड्याच्या वर म्हशी रस्त्यावर आडव्या आल्या. दादाने ब्रेक दाबला. नाक खाली झुकलं, कोंबड्या केकाटल्या, आणि भरलेली जीप म्हशींच्या बरीच अलीकडे उभी राहिली. दादा सरळ बसला होता. म्हशी हलायला तयार नव्हत्या, आणि काकी आता म्हशींना शिव्या देत होती.