निरोगी माणसाची नळी

ओडेन्समधल्या त्या प्रयोगशाळेत एक रीत होती. रक्तातली, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं मोजताना रुग्णांच्या नळ्यांसोबत एका निरोगी माणसाची नळी लावायची. तिचा आकडा नेहमीसारखा आला की यंत्र ठीक, अहवाल पाठवायला मोकळं. गेली कित्येक वर्षं ही नळी बोडिलची असे. ती तिथलीच तंत्रज्ञ, त्यामुळे रक्त हाताशी होतं.

आज तिचा आकडा निम्म्यावर आला. तिने यंत्र धुतलं, रसायनं बदलली, पुन्हा मोजलं. तोच आकडा. तिला एका जागी बसवेना.

"तुझ्या रक्ताने निवृत्ती घेतली वाटतं," शेजारच्या टेबलावरून ट्रोल्स म्हणाला.

"यंत्र बिघडलंय. बाही वर कर, तुझं लावून बघू."

सुई टोचून झाली आणि तिला खोकल्याची उबळ आली. हिवाळा सरला तरी खोकला हटत नव्हता. दोनदा छाती भरली, तेव्हाही हवेला बोल लावून ती कामावर आली होती. यंत्र बिघडलं तर सगळ्या रुग्णांचे अहवाल अडकणार होते, तरी ते बिघडलेलंच असावं असं तिला वाटत राहिलं.

ट्रोल्सचा आकडा निरोगी माणसाचा यावा तसा चोख आला; यंत्र ठीक होतं. तिने रुग्णांचे अहवाल पाठवून दिले.

"डॉक्टरांना मी फोन करू?" त्याने हळूच विचारलं.

"मीच करते." फोन हातात घेऊन ती येरझाऱ्या घालू लागली. "सोमवारपासून नळी तुझी. आणि खाऊन येत जा, सुई बघून पांढराफटक पडला होतास."