पिसवांना उपाशी मारण्याची योजना

आमच्या घरात पिसवा झाल्या तेव्हा दोषी कुत्र्याला ठरवण्यात आलं, कारण उलट उत्तर न देणारा घरात तो एकटाच होता. (तशी मीही होते. पण माझ्या अंगावर पिसवा असतील असा संशय कोणी घेतला नाही.)

भिवपुरीला वीजघराच्या कॉलनीत आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. बाबा वीजघरात फोरमन. एके दिवशी मोठ्या साहेबांसमोर उभं असताना त्यांना पोटरी खाजवावी लागली. एकदा नाही, तीनदा. घरी येऊन त्यांनी चहासुद्धा न घेता निकाल दिला.

"पाऊस लागायच्या आत पिसवा गेल्या नाहीत, तर मेजर साजगावला जाईल. तिथल्या कारखान्याच्या गेटवर राखणीला कुत्रा हवाच आहे."

मेजर हा माझा कुत्रा. मुंबईला मावशीकडे राहून इंग्रजी शाळा संपवून मी परत आले होते, आणि या घरात मी ज्याच्याशी पूर्ण वाक्यं बोलत असे असा तो एकमेव प्राणी होता. तो गेला असता तर मी बहुधा बोलणंच विसरले असते.

मग उपाय सुरू झाले. आईने गाद्यांखाली निरगुडीचा पाला अंथरला. पिसवा तशाच राहिल्या, आम्हाला मात्र शिंका सुरू झाल्या. बाबांनी शहाबादी फरशी रॉकेलने पुसली. दोन दिवस घरात काडी ओढायची बंदी आणि जेवण शेजारून. तिसऱ्या दिवशी पिसवा ताज्यातवान्या होऊन बाबांच्या मोज्यांत हजर. या साऱ्याकडे मी अतिशय तुच्छतेने बघत होते. अडाणी माणसं, असं मनात म्हणत होते. (मनातच. मोठ्याने मी फक्त 'हो' आणि 'नको' म्हणत असे.)

आमच्याकडे धुण्याभांड्याला खालच्या गावातून गंगूबाई यायची. तिचं म्हणणं एकच. "वैनी, कुत्र्याला कशाला छळताय? त्या फटी बघा फरशीच्या. रोज खराट्यानं कोरून काढा, वरनं उकळतं पाणी वता, गाद्या उन्हात टाका. पंधरा दिवसांत एक ऱ्हायची नाय."

"अगं, पिसवा कुत्र्याच्या अंगावर असतात," आई म्हणाली.

"जेवाया असत्यात. ऱ्हायला नाय."

मला हसू आलं. माझ्याकडे कॉलनीतल्या क्लबच्या वाचनालयातलं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. घर कसं ठेवावं, यावर एका मडमेने लिहिलेलं. त्यात पिसवांवर प्रकरणच होतं. पिसू रक्तावाचून फार दिवस जगत नाही, असं एका पानाच्या शेवटी छापलेलं वाचलं आणि मला साक्षात्कार झाला. पान उलटायची गरजच वाटली नाही.

बाबांसमोर बोलायची हिंमत नव्हती. म्हणून मी योजना कागदावर लिहून त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवली. सुट्टीत सर्वांनी कुत्र्यासह कळंबला मामाकडे जावे. दारे-खिडक्या तीन आठवडे बंद. रक्त नाही, पिसवा नाहीत.

बाबांनी कागद दोनदा वाचला. "बघा," ते आईला म्हणाले, "शिक्षण याला म्हणतात." मग तो कागद त्यांनी शेजारच्या ओव्हरसीअरांना वाचून दाखवला. त्यांच्याकडे मांजर होतं. त्यांनी तो वहीत उतरवून घेतला आणि आमच्यानंतर दोन दिवसांनी तेही कुलूप लावून सांगलीला गेले.

आम्ही निघालो तेव्हा गंगूबाई म्हणाली, "चावी ठिवून जा. मी रोज येऊन फटी काढीन."

त्या दिवशी मी आयुष्यात प्रथमच चारचौघांत ठामपणे बोलले. "कोणी आत जायचं नाही. पुस्तकात तसं आहे."

(पुस्तकात तसं नव्हतं.)

कळंबला मामांनी मेजरला म्हशींबरोबर रोज ओढ्यात घातलं. तो लखलखीत झाला. तीन आठवड्यांनी आम्ही परतलो. बाबांनी कुलूप काढलं, चपला उंबऱ्याबाहेर ठेवल्या आणि पांढरी पॅंट घातलेले ते घराच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. सगळं शांत.

"आहे का एक तरी?" त्यांनी अभिमानाने विचारलं.

उत्तर खालून आलं. त्यांची पांढरी पॅंट घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, कोणी मिरपूड भुरभुरावी तशी काळी होत गेली. बाबा ओरडले नाहीत. ते सावकाश बाहेर आले, दार लोटलं आणि मला म्हणाले, "हे कागदात होतं?"

मी पुस्तक काढून पान उलटलं. तिथे होतं. पूर्ण वाढलेली पिसू उपाशी मरते, पण तिची पिल्लं कोशात शिरून फटीत महिनोन्‌महिने वाट बघतात. पाय वाजला, ऊब लागली, की सगळी एकदम बाहेर. बंद घरात तीन आठवडे आम्ही त्यांना कोणीही न छळण्याची सोय करून दिली होती.

"आता कुत्रा साजगावला," बाबा पॅंट झटकत म्हणाले.

मेजर माझ्या पायाशी बसला. मी त्याचा पट्टा घट्ट धरला. बोलली ती आम्ही आल्याचं कळून आलेली गंगूबाई, बादली खाली ठेवून.

"का वं दादा? तीन आठवडं कुत्रा कळंबला व्हता ना? मग ह्या कुणी आनल्या?"

असा बिनतोड पुरावा बाबांना वीजघरातही कोणी दिला नव्हता. मेजर सुटला. पण कोणाला तरी शिक्षा व्हायलाच हवी होती, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. त्यात ओव्हरसीअर मंगळवारी परतणार होते. त्यांना कसं सांगायचं, हा प्रश्न होताच.

दुसऱ्या दिवसापासून मी खराटा घेऊन गुडघ्यांवर बसले. मागे गंगूबाई उकळत्या पाण्याचं भांडं घेऊन उभी. "अगं ताय, कोपरा ऱ्हायला. काय शिकिवलं तुला त्या शाळेत?" पंधरा दिवसांत पिसवा गेल्या, पण गंगूबाईचं समाधान झालं नाही. मग मी शेजारच्या घराच्याही फटी काढल्या.

मागच्या वर्षी लग्न होऊन सासरी आले. पहिल्याच आठवड्यात सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "केर काय सुरेख काढतेस गं! इंग्रजी शाळेत शिकवतात वाटतं हे?"

मी मान खाली घालून 'हो' म्हटलं. त्या शाळेच्या नावावर एखादी तरी उपयोगी गोष्ट असावी, असं मला मनापासून वाटलं.