सोमानानांची चौकशी

फोनवर गिऱ्हाईक विचारायचं, "अभयारण्यात जायला जीप मिळेल का?" बाकीचे जीपवाले म्हणायचे, "या की." सोमानाना विचारायचे, "तुमच्यात गाडी कोनाला लागती?"

गाडी कुणाला लागते, साठीच्या पुढचे किती, पायात काय घालून येणार, गुडघे कुणाचे धरलेत, उंचावर चक्कर कुणाला येते. मी शेजारी उभा राहून घामाघूम. शहरातली माणसं चौथ्या-पाचव्या प्रश्नाला फोन ठेवायची आणि रविवारी दुसऱ्याच्या जीपमधून आमच्यासमोरून जायची. आमची जीप राजूरच्या स्टँडजवळ धुऊनपुसून उभी. एकदा मी वैतागून म्हणालो, "नाना, सहल आहे ती, मुलगी बघायचा कार्यक्रम नाही." नाना म्हणाले, "न्यायचं कुनीबी करंल, शेवगावकर. मला परत आनायचं असतं."

शेवगावकर म्हणजे मी. सात वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. आठवीत शाळा सोडून, चार ठिकाणी धक्के खाऊन मी राजूरला आलो तेव्हा इथं ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. नानांनी पडवीत झोपायला जागा दिली, जीप शिकवली, लायसनच्या परीक्षेला स्वतः नेलं. अशा माणसाबद्दल तक्रारी लिहायला बसलोय याची लाज वाटते. पण नाना जाऊन दोन वर्षं झाली, आणि त्यांची आठवण आली की आधी वैतागच येतो. त्याला माझा इलाज नाही.

माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. एका हंगामात त्यांची टोळी अकोले तालुक्यात होती. फडात वाकलेली आई पाठ सरळ करायला उठली की तिला मावळतीला डोंगरांची रांग दिसायची. ती मुकादमाला विचारायची, "त्याच्या पल्याड काय हाय?" तो म्हणायचा, "तुला काय करायचंय? मोळी बांध." पुढं वडील गेले, आईचं तोडीला जाणं सुटलं, पण तो प्रश्न काही सुटला नाही. मी राजूरला लागल्यापासून ती फोनवर म्हणायची, "आता तू तिथंच हाईस. मला एकडाव पल्याडचं दाव."

शेवटी मी दिवस ठरवला. बहीण तिला घेऊन येणार, मी दोघींना घाटघरकडच्या कड्यावर नेणार, तिथून खाली कोकण दिसतं. नानांकडं जीप मागितली आणि चौकशी सुरू झाली.

"आईला चालता किती येतं?"

"चालते की. रानात जाते."

"किती, ते इचार."

मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "माझी काळजी नगं करू, मी पळत येते." मी नानांकडं बघितलं. झालं का समाधान?

"आईला इचारून काय उपेग?" नाना म्हणाले. "ती न्हाई म्हनंल व्हय? शेजारनीला इचार."

मला इतका राग आला की त्यांना खोटं पाडायलाच मी आमच्या शेजारच्या मथाकाकूंना फोन लावला. काकू आधी हसल्या. मग म्हणाल्या, "तुला ठावं न्हाई व्हय रं? दिवाळीपासनं तुझी आई एकटी उंबऱ्याभाईर आली न्हाई. भित धरून चालती. पानी मीच आनून देते तिला."

दर दोन दिवसांनी आईशी बोलणारा मी. नाना 'बघ, सांगितलं होतं ना' असं काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "मग खुर्ची लागंल."

पुढचे आठ दिवस त्यांनी जीव नकोसा केला. जीप कड्यापर्यंत नेऊ द्या म्हणून वनखात्याच्या ऑफिसात तीन चकरा. तिथं नकार मिळाला, तो बरोबरच होता, असं नानाच आम्हाला समजावत बसले. मग प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले, स्टँडवरचे तीन ड्रायव्हर आणि चौथा मी असे चौघं धरले आणि स्वतः खुर्चीत बसले. जीप थांबते तिथपासून कड्यापर्यंत दोनशे पावलांची खडकाळ वाट. चार वेळा नेलं, चार वेळा आणलं. वरून ओरडायचं चालूच, "डावीकडं कोन हाय? झोपलास का रं?" आमचे खांदे सोलून निघाले.

तो दिवस आला. आई जीपमधून उतरली, उतरायला नानांनी क्रेट पालथा घातला होता. तिनं खुर्ची बघितली. बांबू बघितले, दोऱ्या बघितल्या, शेजारी उभे राहिलेले चौघं बघितले. आणि मागं सरून पुन्हा सीटवर बसली.

"मी न्हाई यायची. जित्तेपनी चौघांच्या खांद्यावर? मला घरी ने."

बहीण रडायला लागली. मी हातापाया पडलो. आईनं तोंड फिरवलं. दोनशे पावलांवर तिचं पल्याड होतं आणि ती परत निघाली होती.

मी नानांकडं बघितलं. जगातले सगळे प्रश्न विचारणारा माणूस टोपी काढून डोकं खाजवत होता. "ह्ये इचारायचं ऱ्हायलं," ते पुटपुटले.

मग जीपच्या दाराशी गेले. "आक्का, चौघं नगंत ना? मग पाच जन हाओत आमी. आन खांद्यावर न्हाई घ्यायचं, हातातच धरायचं. कमरंएवढं."

"पाचवा कोन?"

"मी."

नाना सत्तरीचे, कमरेला पट्टा. आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमच्यानं उचलंल का?"

"न्हाई उचलनार. पन मोजायला हाय की."

आई फसकन हसली. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत राहिली. मग म्हणाली, "धरा."

कड्यावर खुर्ची टेकवली. वारा होता, ऊन स्वच्छ होतं. आईनं खाली बघितलं. बारकी बारकी कौलं, नदीची रेघ, धूसर झालेले दूरचे डोंगर. मग म्हणाली, "हितं बी घरंच हाईत की." आणि डोळे पुसले.

नाना तिच्यासमोर, दरीकडं पाठ करून उभे होते. आई म्हणाली, "नाना, तुमी बी बगा की जरा."

"बगतोय," खुर्चीच्या पायांवरची नजर न काढता नाना म्हणाले. "शेवगावकर, उजव्या पायाखाली दगूड हलतोय. बदल."

मी खाली बसून दगड बदलला.