बंद कारखान्यातली कानबाई

श्रावणातला रविवार आला की सुरतच्या लिंबायतमधला तो बंद कारखाना हटकून डोळ्यांपुढे उभा राहतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या पोलीस चौकीचा फौजदार होतो. मूळ खानदेशातला, पण जन्मलो-वाढलो सुरतेतच. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला उपजत खोड. पोलिसात नसतो तर शेजाऱ्यांनीच बदडलं असतं.

त्या सकाळी एका पानवाल्यानं खबर दिली, की समोरच्या बंद लूम कारखान्यातून धूर येतोय. मालकही तणतणत आला. आत कापडाचे ताके पडून होते, ते चोरीला जाणार म्हणून त्याचा जीव वरखाली होत होता. "साहेब, सापडेल त्याला आत टाका," म्हणाला.

हवालदाराला घेऊन गेलो. पुढचं कुलूप शाबूत होतं. मागच्या खिडकीचा एक गज मात्र हातानं सरकत होता. मालकानं कुलूप उघडलं. ताके जसेच्या तसे होते! सगळ्या मशिनांवर धूळ, फक्त कोपऱ्यातली फरशी लख्ख झाडलेली. दोरीवर शाळेचा निळा फ्रॉक वाळत होता. तीन विटांच्या चुलीजवळ जाड पोळ्यांसारखे रोट झाकून ठेवले होते, आणि पाटावर नारळ मांडला होता. नारळाला नथ, डोळे, वर चुनरी.

"साहेब, आ चोर तो पूजा करे छे!" हवालदार चक्रावला.

मी मुकाट्यानं बूट काढले. ती कानबाई होती, आमची देवी. खानदेशी माणूस वर्षातून एकदा तिला घरी बसवतो, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर नेतो. माझी आई तर म्हणायची, कानबाई स्वतःच्या घरातच बसवायची. मग चोरीच्या जागेत तिला कोण बसवेल? माझं कुतूहल आता मला स्वस्थ बसू देईना. फौजफाटा बोलावण्याऐवजी आम्ही तिथेच थांबलो.

थोड्या वेळानं खिडकीतून पाण्याची कळशी आत आली, पाठोपाठ दहाएक वर्षांची मुलगी आणि तिचा बाप. खाकी बघून बाप मटकन खाली बसला. मालकानं त्याला ओळखलं. इथलाच जुना कारागीर. प्रश्न मी बापाला विचारत होतो. उत्तरं मुलगीच देत होती, तीही कशी खाडखाड!

"राहता कुठे?"

"कोसाडला. काकांकडे."

"मग इथे काय करता?"

"बाबा मशिनी बघायला येतात."

"फ्रॉक पण मशिनी बघायला आला का?"

"भिजला होता," म्हणाली. पोरगी वस्ताद होती. पुढे कळलं, शाळेत, नातेवाइकांत, सगळीकडे तिनं हाच कोसाडचा पत्ता चालवला होता. धाकदपटशानं हिच्याकडून काही निघणार नाही, हे मी ओळखलं. तेवढ्यात हवालदारानं रोटाकडे हात नेला, तशी ती ओरडली, "हात नका लावू! घरच्यांनीच खायचा असतो तो!"

मी खाली बसलो. "बेटा, कानबाईसमोर सांग. कोसाडला तुमचं घर आहे?"

तिनं नारळाकडे पाहिलं. शाळेतली मराठी सुटली आणि घरची अहिराणी तोंडात आली.

"कानबाई जठे बठनी, तठेच आमनं घर शे, साहेब."

आणि हमसून हमसून रडायला लागली. आई आजारात गेली, कारखाना बंद पडला, खोली सुटली. कुणाला कळलं तर पोलीस बापाला तुरुंगात टाकतील आणि तिला अनाथाश्रमात, या धास्तीनं ती सगळ्यांना थापा मारत होती. बाप पहिल्यांदाच बोलला, "मला न्या साहेब, पण तिला माझ्यापासून तोडू नका."

मालकाला मी बाजूला घेतलं. बेकायदा घुसल्याचा गुन्हा होत होता, नाही असं नाही. "शेठ, तक्रार लिहून घेतो. पण इतके दिवस हे इथे आहेत, तुमचा एक ताका तरी हलला का? तुम्हाला राखणदार हवाच आहे, त्याला डोक्यावर छप्पर. बघा बुवा."

शेठनं नारळाच्या त्या नथीकडे पाहिलं. मग चावी बापाच्या हातात देत म्हणाला, "आता खिडकीतून नको, दरवाजेसे आना."

पुढे नोकरीत बेघर माणसं खूप भेटली. बरीचशी नीटनेटकी, केस विंचरलेली, पाठ केलेला पत्ता सांगणारी. असा पत्ता घडाघडा आला, की मी दरडावणं सोडून द्यायचो आणि विचारायचो, "तुम्ही सण कुठे करता?" तिथे माणूस अडखळायचा, आणि खरं बोलायचा.

पुढच्या श्रावणात ती मुलगी चौकीत आली. "बाबांनी कानबाईचा रोट खायला बोलावलंय." मी थट्टेनं म्हटलं, "इथेच आणायचास की गं."

"बाहेर नेत नाहीत," ती म्हणाली. "घरच्यांनी घरातच खायचा असतो. चला."

मी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्यामागे निघालो.