आधी पापड, मग भाजी

हसणार नाही असं वचन देत असाल तर सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच! माझं लग्न कसं जमलं हा विषय निघाला की आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशीसुद्धा हातातली कढई खाली ठेवून हसतात, मग तुम्हाला कशाला अडवू? चहा घ्या आणि ऐका.

गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. मी सायखेड्याचा. नोकरी नाशिकला, खोली नाशिकला, पण बायोडाटात 'गाव सायखेडा, घरची शेती' एवढं वाचलं की मुलीकडचे लोक कागद घडी करून परत द्यायचे. सहा स्थळं अशीच गेली. आईनं सांगून टाकलं होतं, "आता सातवं तुझं तू बघ. मला लोकांना तोंड दाखवायला जागा नाय राह्यली."

सातवं स्थळ वृषालीचं. गंगापूर रोडची. वडिलांचा फुलांचा मळा होता, पण पोरगी शहरात वाढलेली, शिकलेली. आधी फोटो आणि बायोडाटा इकडून तिकडे गेले, मग फोनवर बोलायची परवानगी मिळाली. ती बोलली, आणि बोलता बोलता हसली. बस्स! ते हसू ऐकलं आणि मी मनातल्या मनात मांडवसुद्धा घातला.

"तुम्हाला खायला काय आवडतं?" तिनं विचारलं.

आता खरं उत्तर काय होतं? बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. पण सहा नकार पचवलेला माणूस खरं बोलेल का हो? कॉलेज रोडला तेव्हा नुकतंच एक मेक्सिकन हॉटेल निघालं होतं. त्याची पाटी मला रोज बसमधून दिसायची. तोंडातून निघून गेलं, "मेक्सिकन!"

"अय्या, खरंच? मग रविवारी दुपारी तिथेच भेटू या. मी कधीच खाल्लेलं नाही. तुम्हीच शिकवा कसं खायचं ते."

झालं! मेक्सिको नकाशात दाखव म्हटलं असतं तर मी आफ्रिकेत बोट ठेवलं असतं. आणि मी शिकवणार!

मग मी ठरवलं, रंगीत तालीम करायची. शुक्रवारी दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एकटाच त्या हॉटेलात जाऊन बसलो.

काय हॉटेल होतं हो ते! आता तसलं काही राहिलं नाही. अरुंद जिना चढून वर जायचं. भिंतीवर सुपाएवढी टोपी टांगलेली, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं निवडुंग. मेनूवर पहिलीच ओळ, 'जैन टॅको मिळेल'. मालक शिंदेमामा म्हणजे देवळाली कॅम्पचे, फौजी मेसमध्ये आयुष्य काढलेले आचारी. मेक्सिकोला ते कधी गेले नव्हते. त्यांचा भाचा गेला होता, तोही विमान बदलण्यापुरता.

टॅको आला. बघतो तर काय, मक्याचा कडक पापड मधोमध वाकवलेला, आणि त्यात घोटलेला राजमा, कोबी, टोमॅटो, वर किसलेलं चीज. मी डोकं चालवलं. पापडाचा नियम काय? ताटात पडला की लगेच खायचा, नाहीतर सादळतो. बरोबर? मग यात वेगळं काय असणार! मी भाजी अलगद ताटलीत ओतली, पापड मोडून कुरूम कुरूम खाल्ला, आणि मग चमच्यानं भाजी संपवली. जमलं! मेक्सिको एवढंसंच तर आहे.

एवढ्यात माझं लक्ष शेजारच्या टेबलाकडे गेलं. एक काका एकटेच बसले होते. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पुढ्यात न मोडलेला टॅको. ते एकदा टॅकोकडे बघायचे, एकदा माझ्याकडे, पुन्हा टॅकोकडे. मला भारी कीव आली. म्हटलं, बिचारे अडकले. नवीन विद्या आली की ती पोटात राहते का?

"काका, पहिल्यांदाच आलात वाटतं?"

"हो रे बाबा," काका म्हणाले. "तू शिकव."

मी माझी ताटली घेऊन थेट त्यांच्या टेबलावर! "हे बघा, आधी पापड, मग भाजी. मेक्सिकोत असंच खातात. भाजी आधी खाल्ली तर पापड सादळतो, ते तिकडे अपमान समजतात."

"अपमान?"

"मग! यजमान उठून जातो."

काकांनी निमूटपणे भाजी ओतली, पापड मोडला. "तुझं इकडे नेहमी येणं दिसतं," ते म्हणाले.

इथे थांबायला हवं होतं मी. पण समोरचा माणूस शांतपणे ऐकून घेतो म्हटल्यावर माझी टकळी सुरू होते, हा माझा जुना रोग. मी सगळं सांगून टाकलं. रविवारी मुलगी भेटायला येणार आहे. मी थाप मारलीय. हे तालमीचं खाणं आहे. खरं म्हणाल तर मला भरीत-भाकरीच लागते.

"आणि मुलीचे वडील?" काकांनी विचारलं.

"लय कमी बोलतात म्हणे. नुसतं 'हूं' म्हणतात. अशा माणसाला गुंडाळायला काय लागतं काका? दोनदा वाकून नमस्कार केला, फुलांचं कौतुक केलं, की झालं!"

"हूं," काका म्हणाले.

हो, हसा! मला तेव्हाही काही कळलं नाही. उलट मी आणखी पुढे गेलो. म्हटलं, "पण काका, एक सांगू? मुलगी फोनवर हसली ना, तेव्हापासून मला धड झोप नाय. हे स्थळ गेलं तर मी दुसरं बघणार नाही. आता ती फक्त टॅकोमुळे हातची जायला नको."

काकांनी चमच्यानं शेवटचा राजमा गोळा केला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि जिना उतरून गेले.

ते गेल्यावर शिंदेमामा आले. म्हणाले, "साहेब, ते सगळं एकत्र हातात धरून खायचं असतं."

"अहो, मग मघाशी का नाही सांगितलं?"

"तुम्ही इतक्या जोरात सांगत होतात, मला वाटलं माझंच चुकतंय."

म्हटलं चला, निदान वेळेवर कळलं. शनिवारी पुन्हा जाऊन चार टॅको हातात धरून खाल्ले. आता मी तयार होतो!

रविवारी वृषाली आली. निळा ड्रेस, आणि फोनवरचा तोच आवाज. टॅको आले. मी ऐटीत हात पुढे केला, "थांबा, दाखवतो. हे असं उचलून..."

तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. भाजी अलगद ताटलीत ओतली, पापडाचा तुकडा मोडला आणि कुरूम कुरूम खाऊ लागली.

"आधी पापड, मग भाजी," ती म्हणाली. "नाहीतर यजमान उठून जातो ना?"

माझ्या हातातला टॅको शर्टावर पडला.

"हे... हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अण्णांनी. पोरीला पाठवायचं ते ठिकाण कसं आहे, म्हणून शुक्रवारी बघायला आले होते. इथे त्यांना एक मुलगा भेटला. फोटोत बघितलेलाच होता, त्यामुळे लगेच ओळखला. भरपूर बोलला म्हणे!"

तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं करायचं काय? जिन्यावरून उडी मारली असती, पण शर्टावर राजमा होता. मी मान खाली घालून म्हटलं, "गुंडाळण्याचंही सांगितलं का?"

"पहिलं तेच सांगितलं."

"मग तुम्ही आलात कशाला?"

तिनं पापडाचा आणखी एक तुकडा मोडला. मग म्हणाली, "अण्णा म्हणाले, पोरगा थापाड्या आहे, पण त्याला ते जमत नाही. दोन दिवससुद्धा पोटात ठेवता येत नाही त्याला. असल्या माणसाबरोबर सुखात राहशील." आणि ती हसली. समोरासमोर पहिल्यांदा.

लग्नानंतर खूप दिवसांनी अण्णांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. त्या शुक्रवारी टॅको कसा खायचा हे शिंदेमामांनी त्यांना मी येण्याआधीच दाखवलं होतं! त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी ते भाजी ओतून पापड मोडत बसले. मी विचारलं, "मग मला थांबवलं का नाही?" तर म्हणाले, "तू मन लावून शिकवत होतास. मधेच कसं मोडायचं?" पुढे आयुष्यभर त्यांनी टॅको माझ्याच पद्धतीनं खाल्ला, आणि प्रत्येक पाहुण्याला 'ही आमच्या जावयाची मेक्सिकन पद्धत' म्हणून सांगितलं. चांदवडचे त्यांचे चुलत भाऊ तर अजून मला विचारतात, मेक्सिकोला हवा कशी होती म्हणून.

ते हॉटेल बंद झालं. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. अण्णांनाही जाऊन दोन वर्षं झाली. फार आठवण येते त्यांची. बापाला सांगितलं नसतं ते मी त्यांना पहिल्या भेटीत सांगून बसलो होतो, आणि त्यांनी ते कधीही माझ्यावर उलटवलं नाही.

परवा वृषालीच्या वाढदिवसाला आम्ही गंगापूर रोडच्या नव्या मेक्सिकन हॉटेलात गेलो. चकचकीत काचा, मेनूवर कठीण कठीण नावं. पण टॅको तोच! आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, काही न बोलता भाजी ताटलीत ओतली आणि पापड मोडला. वृषालीचे डोळे भरून आले होते, माझेही.

तेवढ्यात जेवण वाढणारी मुलगी लगबगीनं आली. असेल वीस-बावीसची. माझ्या ताटलीकडे बघून तिला अशी काही कीव आली म्हणून सांगू!

"काका, पहिल्यांदाच आलात वाटतं?"

वृषालीनं नॅपकिन तोंडात कोंबला. मी त्या मुलीकडे बघितलं. चेहरा शक्य तेवढा गंभीर केला. अण्णांना त्या दिवशी हे केवढं जड गेलं असेल, ते मला तेव्हा कुठे कळलं.

"हो गं बाई," मी म्हणालो. "तू शिकव."