आदेल्मोविरुद्ध तक्रार

सान मारिनोत कप्तान दर सहा महिन्यांनी खाली उतरतात आणि नुल्लो दर सहा महिन्यांनी कागद घेऊन वर चढतो, असं डोंगरावरच्या राजधानीखालच्या बोर्गो गावातल्या खाणावळीत म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं. एप्रिल किंवा ऑक्टोबर लागला की या डोंगराएवढ्या देशाचा कारभार बघायला दोन नवे कप्तान शपथ घेतात. जुने दोघे मखमली पोशाख उतरवून आपापल्या शेतात-दुकानात परततात. मग थोडे दिवस असे असतात की कुणाही ऐऱ्यागैऱ्यानं उठावं आणि उतरलेल्या कप्तानाविरुद्ध तक्रार गुदरावी. राज्य केलंस ना, आता जाब दे. हा हक्क सगळ्यांनाच होता. वापरायचा एकटा नुल्लो.

तो जोडे शिवायचा. शाळा लहानपणीच सुटलेली. पुढचं सगळं शिक्षण गिऱ्हाइकं जोडे गुंडाळून आणायची त्या वर्तमानपत्रांवर झालं. पण बोलायला उभा राहिला की वरचे वकीलसुद्धा रस्ता बदलायचे. कुणापुढे वाकायचं नाही, कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत, हे त्यानं बापाकडून घेतलं होतं, आणि बापापेक्षा चार पावलं पुढंच नेलं होतं.

त्या वसंतात निवडणूक झाली आणि नुल्लोची बाजू एका जागेनं पडली. फक्त एका! बेल्जियमच्या खाणीतून मतदानाला यायचे ते दोघे भाऊ वेळेवर पोचले असते तर, असं पुढं कितीतरी दिवस चाललं. सरकार बदललं, आणि नव्या बाजूनं कप्तान म्हणून पुढं केला आदेल्मोला. हा आदेल्मो नुल्लोच्या आईचा शेजारी. काव्हिना वाडीत दोघांची घरं एकाच बोळात, मध्ये एक अंजिराचं झाड. लहानपणी नुल्लो आणि आदेल्मोनं मिळून त्यावरची अंजिरं चोरली होती. आता एकजण राष्ट्रप्रमुख झाला, आणि दुसरा त्याच्या जोड्यांना खिळे ठोकत बसला.

"काय वकीलसाहेब," खाणावळवाला ज्यानेत्तो डिवचायचा, "या खेपेला तुमचा दोस्तच वर बसलाय. कागद लिहाल की शेपूट घालाल?"

"माझा दोस्त असो नाहीतर बाप," नुल्लो म्हणायचा, "चूक दिसली की सोडणार नाही."

आणि चूक दिसली. निदान त्याला तसं वाटलं.

उन्हाळा भयंकर गेला. वाड्यांवरच्या विहिरी तळाला लागल्या. खेचरांच्या गाडीवरून पिंपांनी पाणी यायचं, घरागणिक पाळी लावलेली. ऑगस्टमध्ये एका सकाळी लवकर नुल्लो आईकडे निघाला होता. त्यानं लांबून पाहिलं, पाण्याची गाडी मोठा रस्ता सोडून आदेल्मोच्या बोळात वळली. बाकीच्यांचं पिंप रस्त्यावरच उतरायचं. तो तिथूनच माघारी फिरला. डोकं तडकलं होतं. पुढच्याच आठवड्यात आदेल्मोचे जोडे टाके घालायला आले. नुल्लोनं तळवे दाबून पाहिले. चामडं फुगलेलं, टाके कुजलेले. सगळा देश धुळीत लोळतोय आणि या माणसाचे जोडे चिखलात बुडालेले! द्राक्षाच्या वेलींना पाणी पाजतोय, दुसरं काय.

जोडे दुरुस्त करून त्यानं फळीवर ठेवले. न्यायला कुणी आलं नाही. नुल्लोला वाटलं, लाज वाटत असणार.

ऑक्टोबरला आदेल्मो उतरला. नुल्लोनं खाणावळीत खुर्चीवर उभं राहून तक्रार वाचून दाखवली. सार्वजनिक पाणी स्वतःच्या शेताला, पुरावा म्हणून जोड्यांचे तळवे. लोकांनी टाळ्या पिटल्या. ज्यानेत्तोनं फुकट वाईन पाजली आणि नुल्लोनं ती घेतली. कागद वर गेला आणि अशा तक्रारी ऐकायला नेमलेल्या दोन पंचांनी पुढच्या सोमवारी सुनावणी लावली.

आदल्या रविवारी तो आईकडे जेवायला गेला. आई, एर्सिलिया, चुलीपाशी पियादाची पोळी भाजत होती. नुल्लोनं हात धुतले, तांब्याच्या कळशीतून पाणी प्यायला आणि फुशारकीनं सगळं सांगितलं. आईचा हात थांबला. पियादा करपायला लागली.

"काय केलंस म्हणालास?"

"तक्रार. उद्या सुनावणी आहे. सगळं बोर्गो येणार आहे."

"नुल्लो, हे पाणी कुठून येतं रे?"

"कुठलं?"

"हेच. आत्ता प्यालास ते."

नुल्लोनं कळशीकडे पाहिलं. उन्हाळाभर तो दर रविवारी येत होता आणि दर रविवारी कळशी भरलेली असायची. कुठून, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

"जूनमध्ये पाळीला माझं नाव द्यायला गेला होतास," आई म्हणाली. "आठवतं?"

त्याला आठवलं. कारकून म्हणाला होता, पाणी मिळावं ही विनंती, असं खाली लिहा. नुल्लो भडकला होता. पाणी आमच्या हक्काचं, विनंती कसली? चार लोकांसमोर त्यानं आईच्या नावावर काट मारली आणि दार आपटून बाहेर पडला. त्याचीही खाणावळीत वाहवा झाली होती. मग नवी भांडणं आली आणि पाळीचं तो विसरून गेला.

"तू गेलास निघून. गाडी माझ्यासाठी थांबेना. आदेल्मोला कळलं. त्यानं गाडीवाल्याला सांगितलं, माझ्या पाळीचं पिंप एर्सिलियाकाकूकडे उतरव. माझ्या दारापुढच्या उतारावर गाडी येईना, तर तो आणि गाडीवाला पिंप खांद्यावर आणायचे. सांडायचं, पाय भिजायचे. आणि इझोलिना स्वतःच्या घराला खालच्या झऱ्यावरून पाणी भरायची."

इझोलिना म्हणजे आदेल्मोची बायको. गुडघ्यांनी अधू.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर पिंप लाथेनं कलंडवलं असतंस. तुला उपकार चालत नाहीत ना. मला तहान लागते, बाबा." तिनं करपलेली पियादा बाजूला टाकली. "आणि आता तिथं माझं नाव घेऊ नकोस. मुलगा असून शेजाऱ्याच्या पाण्यावर जगली म्हणतील."

नुल्लो जेवला नाही. अंजिराच्या झाडाखालून तो आदेल्मोच्या दाराशी गेला. आदेल्मो पिंपाला पट्ट्या ठोकत होता. त्यानं मान वर केली नाही.

"आदेल्मो, उद्या तूच सांग ना, पाणी कुठं गेलं ते."

"तुझ्या आईला शब्द दिलाय. नाही सांगणार."

"मग तुझं नाव खराब होईल."

"ते तू आधीच केलंयस," आदेल्मो म्हणाला आणि पुन्हा ठोकायला लागला.

सोमवारी वरचं दालन भरलं होतं. ज्यानेत्तो खाणावळ बंद करून आला होता. पंचांनी विचारलं, गाडी बोळात वळायची हे खरं का? आदेल्मो म्हणाला, खरं. पाणी कुठं गेलं? "माझ्या पाळीचं होतं. कुठं टाकलं ते मी सांगणार नाही." दालनात कुजबूज उठली. मागून कुणीतरी हसत म्हणालं, "द्राक्षांना विचारा!" आणखी चारजण हसले. नुल्लोच्या बाजूचेच होते ते.

पंच नुल्लोकडे वळले. "तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?"

नाही म्हटलं की झालं असतं. आदेल्मो डाग घेऊन घरी गेला असता, आईचं नाव झाकलेलं राहिलं असतं, आणि खाणावळीत वाईन तयारच होती. नुल्लो उभा राहिला. 

"तक्रार मागे घेतो."

"कारण सांगावं लागेल."

तो आदेल्मोकडे बघू शकला नाही. पंचांच्या मेजाच्या पायाकडे बघत म्हणाला, "पाणी माझ्या आईला मिळालं. तिचं नाव पाळीत नव्हतं, कारण ते मी खोडलं. चार लोकांत मिरवायला खोडलं. उन्हाळाभर मी तिच्या घरी जाऊन तेच पाणी पीत होतो. आईचा दोष नाही. यांचाही नाही."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हसणाऱ्यांशी भांडता तरी येतं. लोक बाजूला सरकले, त्याला वाट दिली. ज्यानेत्तो टोपी हातात फिरवत राहिला, "वकीलसाहेब" म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात आलेली गिऱ्हाइकं हळू आवाजात बोलत होती, घरात मयत झाल्यासारखी.

जोडे फळीवरच होते. नुल्लोनं ते उतरवले, परत एकदा मेण लावलं आणि काव्हिनाला गेला. आई दारात बसली होती. तिनं त्याला पाहिलं आणि उठून आत गेली. कुणीतरी आधीच सगळं सांगितलं होतं.

आदेल्मोच्या घरी दार इझोलिनानं उघडलं. नुल्लोनं जोडे पुढे केले. "तळवे नवे घातलेत," एवढंच म्हणाला. आणखी काहीतरी ठरवून आला होता, वाटेत दोनदा घोकलंही होतं. 

आतून आदेल्मोचा आवाज आला. "कोण आहे?"

"नुल्लो."

 मग खुर्ची सरकल्याचा आवाज. "चढ चढून आलाय. त्याला पाणी दे."

इझोलिना लंगडत आत गेली आणि पेला भरून घेऊन आली. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून नुल्लोनं दोन्ही हातांनी पेला धरला, आणि मान वर न करता सगळं पाणी प्यायला.