तव्यावर भाजलेली गोजी बेरी

बाबा गेले आणि आईचं जेवण सुटलं. भाकरीचा तुकडा मोडायची, ताटात इकडून तिकडे फिरवायची आणि हात धुवायची. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. मी घाबरले. घाबरले की मी ओरडते, आणि घरात आम्ही दोघीच, त्यामुळे सगळं ओरडणं तिच्याच वाट्याला.

कशेळीच्या गोदामात माझी पॅकिंगची ड्युटी. वाळलेल्या गोजी बेरीची पाकिटं रोज माझ्या हाताखालून जायची. लाल, सुरकुतलेली, मनुकांपेक्षा बारीक. पाकिटावर लिहिलेलं, लोह, प्रथिनं, अ जीवनसत्त्व. एवढंसं फळ आणि केवढा तो रुबाब! छापलेलं सगळं खरं मानू नये, कळतं मला. पण आई जेवत नसली की माणूस पाकिटावरही विश्वास ठेवतो. एक विकत आणलं. दुधात भिजवून दिली, शिऱ्यात घातली, खिरीत घातली. ती एक घास घेऊन वाटी सरकवायची.

"गोड नको गो, तोंडाला मिठी बसते."

"मग काय हवंय ते तरी बोल. डोकं फिरवलंस माझं," मी म्हणायचे. ती भिंतीकडे तोंड करून पडायची.

एका संध्याकाळी शिफ्ट सुटून आले तर जिन्यातच सुक्या जवळ्याचा वास. वाटलं, शेजाऱ्यांचा असेल. आत बघते तर आई ओट्यापाशी उभी. तिच्या माहेरची, कोन गावची रीत अशी, की सुकं काहीही घरात आलं की आधी कोरड्या तव्यावर खरपूस भाजायचं, मग फोडणीला टाकायचं. तिनं जवळ्याबरोबर उरलेली सगळी गोजी बेरीही भाजली होती, पार काळी होईस्तोवर, आणि कांदा-मिरचीत परतली होती. माझ्या ओठांवर आलेलं मी कसंबसं गिळलं.

"बस जेवायला," ती म्हणाली. "फुकट कशाला घालवायची तुझी फलं?"

पहिल्याच घासाला तोंड कडूजहर झालं. तिनंही घास घेतला आणि थांबली.

"करपली काय गो?"

"न्हाय. बरी हाय."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुझा बापूस पन असाच खोटं बोलायचा. करपलेलं गप खायचा."

बाबा गेल्यापासून तिनं त्यांचं नाव काढलं नव्हतं. मग ती रडायला लागली, आणि रडता रडता जेवत राहिली. मी तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. ती नको म्हणाली नाही.